बेवारस आणि अमानत

मावल्याच्या तळ्यावरून पौषात उतरणाऱ्या वाऱ्याची धार ज्याने अनुभवली नाही, त्याला तेलंगणातही हाडे गोठविणारी थंडी पडते हे सांगून पटत नाही; पण उन्हाळ्यात ४५ अंशांना भिडणारा आमचा हा आदिलाबाद जिल्हा हिवाळ्याच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत खाली आणतो, आणि अशाच एका पहाटे, शेजारच्या माजघरात रचून ठेवलेला कापूस विक्रीसाठी गाडीत भरला जात असता, त्या ढिगाच्या पोटातून मांजराची तीन पिल्ले निघाली. त्यांचे डोळेही उघडलेले नव्हते. दुपार टळेपर्यंत आम्ही त्या जागेला हात लावला नाही. कारण आई जवळपास असताना उचललेले पिल्लू हे वाचवलेले नसून तिच्यापासून तोडलेले असते, हे या कामात पडल्यावर मी प्रथम शिकले. आई आली नाही. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग आमच्या गावाला लागून जातो, त्याच्या कडेला ती सापडली. संध्याकाळी तिन्ही पिल्ले एका खोक्यात, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीला बिलगून, माझ्या स्वयंपाकघरात विसावली, आणि त्याच संध्याकाळी माझे मामा आठ दिवसांच्या मुक्कामासाठी आमच्याकडे आले.

मामांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. १९८५ साली तालुके मोडून मंडळे झाली, त्याच्या कितीतरी आधी ते तहसील कचेरीत पेशकार म्हणून रुजू झाले होते, आणि त्यांचे वडील निजामाच्या महसूल खात्यात होते. त्यामुळे घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि दप्तरात उर्दू अशा तीन भाषांच्या संगमावर वाढलेल्या या माणसाच्या बोलण्यात आजही दरखास्त, तामील, रुजुवात हे शब्द सहज येतात. नोंद नाही ती वस्तूच नाही, अशी त्यांची धारणा. खोक्याकडे पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तोही दप्तरीच होता.

“ही कोणाची?”

“कोणाचीच नाहीत, मामा. म्हणूनच इथे आहेत.”

“म्हणजे बेवारस. पोरी, बेवारस मालाचा एक शिरस्ता असतो. गुरे मोकाट सापडली तर ती कोंडवाड्यात जात. इंग्रजी अंमलातला १८७१ चा कायदा मी वाचला आहे, त्यात गायबैल तर आहेतच, पण हत्ती, उंट, खेचर, गाढव, डुक्कर, शेळीचे करडूसुद्धा नावानिशी आहे. कुत्रे नाही आणि मांजरही नाही. ज्याच्यामागे कोणी दंड भरून सोडवायला येणार, त्याचीच सरकार नोंद घेते. या जिवांना सोडवायला कोणी येत नाही, ही गोष्ट सरकारने फार पूर्वीच ओळखली होती. ती एकट्या घरात राहून तू कशी बदलणार?”

“त्या कायद्यात त्यांचे नाव नाही, हा त्यांचा दोष कसा होईल, मामा? ते त्या दप्तराचेच न्यून समजा ना.”

“न्यून असेल. पण न्यून भरून काढणे हे पंचायतीचे, नगरपालिकेचे, सरकारचे काम. खाजगी माणसाने सरकारी कर्तव्य अंगावर घेतले, की सरकार ते कर्तव्य विसरते. आणि शेजारी मात्र विसरत नाहीत. आज तीन पिल्ले ठेवलीस, उद्या तुझ्या ओट्यावर कोणीतरी पोते ठेवून जाईल.”

हा आक्षेप पोकळ नव्हता. माझ्या ओट्यावर पोते ठेवून जाणारी माणसे खरोखरच होती, आणि त्यांपैकी एकालाही मी नाव घेऊन जाब विचारू शकले नव्हते. मी तसे कबूल केले. मामा क्षणभर थांबले, आणि मग, बहुधा माझ्या कबुलीमुळेच, जी गोष्ट त्यांनी आमच्या आईलाही कधी विस्ताराने सांगितली नव्हती ती त्यांनी मला सांगितली. त्यांच्या आठव्या वर्षी, निजामाच्या राज्यावरील पोलीस कारवाईला पाचेक वर्षे झाली असतील तेव्हा, त्यांच्या चुलतभावाला पिसाळलेले कुत्रे चावले. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या लसीची पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने त्या काळी असत. ती कुठे मिळतात याची चौकशी होईपर्यंत जखम भरून आली, आणि भरलेल्या जखमेसाठी मुलाला बैलगाडीत घालून परगावी कोण नेतो, असे म्हणून घरच्यांनी झाडपाल्यावर भागवले. सहा आठवड्यांनी मुलाला पाण्याची भीती वाटू लागली.

“तांब्या पुढे केला की तो भिंतीकडे सरकायचा,” मामा म्हणाले. “तहान लागलेली असायची, पोरी. तहान लागलेली असायची आणि पाणी पाहून त्याचा गळा आवळायचा. मला त्याच्या खोलीत जाऊ देत नसत, पण दाराच्या फटीतून मी ते पाहिले आहे. कुत्रा दिसला की आजही माझ्या डोळ्यांपुढे तो तांब्या येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादेत, अंबरपेठेत, चार वर्षांच्या लेकराला कुत्र्यांनी फाडले. ते चित्र सगळ्या देशाने पाहिले. त्या लेकराच्या बापापुढे उभी राहून तू भूतदयेवर बोलू शकशील का?”

“नाही,” मी म्हणाले.

आणि त्या रात्री आम्ही तो विषय पुढे नेला नाही. या कामात पडलेल्या माणसांनी, विशेषतः आम्हा उत्साही मंडळींनी, या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नये असे माझे मत आहे. ज्याला त्या बापाचे दुःख ऐकवत नाही त्याला कुत्र्याच्या बाजूने बोलण्याचा अधिकार उरत नाही.

मात्र म्हाताऱ्या माणसाची झोप आणि आठवड्याच्या पिल्लाची भूक यांचे वेळापत्रक सारखेच असते. रात्री दोनला मी उठले तेव्हा मामा स्वयंपाकघराच्या दारात शाल पांघरून उभे होते. पिल्लाचे अंग गार असेल तर त्याला आधी ऊब द्यायची आणि मगच दूध पाजायचे, कारण गारठलेल्या देहात गेलेले दूध पचत नाही. पाजताना त्याला आईपाशी असते तसे पालथे धरायचे, उताणे धरले तर दूध फुप्फुसात उतरते. गाईचे दूध त्यांना सोसत नाही, हगवण लागून दोन दिवसांत पिल्लू चिपाडासारखे होते, म्हणून मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी मी नागपूरहून मागवून ठेवते. दर अडीच-तीन तासांनी हा सारा उपचार. आणि पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पिल्लाला पोटाखाली हळूहळू पुसावे लागते. कारण आईने चाटल्यावाचून या वयाच्या पिल्लाला मूत्रविसर्जनही करता येत नाही. आमच्या जिल्ह्याचे पांढरे सोने म्हणून ज्या कापसाचा बोलबाला, त्याचा हा उपयोग मामांनी पूर्वी पाहिला नव्हता. ते खुर्ची ओढून बसले.

“आणि ही वही कसली?”

वहीत प्रत्येक पिल्लाचे रोजचे वजन होते. डाळ तोलायच्या काट्यावर पातेल्यात ठेवून मी ते घेते. दिवसाला दहा ग्रॅम वाढले तर सर्व ठीक, वजन थांबले तर काळजी, आणि घटले तर दवाखाना. मामांनी चष्मा लावून वहीची मागची पानेही चाळली. पहिल्या पानापासून जी जनावरे आली त्यांची आल्याची तारीख, कोठून आली, कोणत्या लसी झाल्या, कोणाच्या हवाली केली, नसबंदी केव्हा झाली, असे रकाने मी आखले होते, आणि काही ओळींच्या शेवटी एकच शब्द होता : ‘गेले’.

“एका महिन्यात पाच ओळींवर हा शब्द आहे,” ते म्हणाले.

ती कुत्र्याची पिल्ले होती. आदल्या पिल्लांना पार्व्हो झाला होता, आणि तो विषाणू फरशीत महिनोन्महिने टिकतो, ब्लीचने धुतल्यावाचून आणि बराच काळ जाऊ दिल्यावाचून त्या जागी नवी पिल्ले आणू नयेत, हे मला ठाऊक असूनही, पावसात भिजणारी पाच पिल्ले पाहून मी तीन आठवड्यांतच त्याच खोलीत ती आणली. पाचही गेली. दयेला शिस्त नसेल तर ती किती जीव घेते, हे मी त्या पानावर दरवेळी वाचते. मी हे सांगितले तेव्हा मामांनी सांत्वनाचा एकही शब्द काढला नाही; त्यांनी फक्त वही मिटली नाही.

“मला एक कळत नाही,” काही वेळाने त्यांनी विचारले. “रात्रीच्या झोपेवर पाणी सोडून ही माया लावायची, आणि दोन महिन्यांनी पिल्लू खेळायला लागले की परक्याच्या हाती द्यायचे. ठेवून तरी घे. देऊन टाकण्यासाठी वाढवणे, हा कुठला धर्म?”

“मी ही तीन ठेवली, तर चौथ्याला माझे दार बंद होईल, मामा. हैदराबादची ब्ल्यू क्रॉस १९९२ पासून आहे, पण ती इथून तीनशे किलोमीटरवर. पुण्यात रेस्क्यू संस्था २००७ पासून काम करते. मुंबईत परळचे जनावरांचे इस्पितळ तर एकोणिसाव्या शतकातले. मावल्यात काय आहे? इथे कोणाचे न्हाणीघर रिकामे असेल, तेच इस्पितळ आणि तोच आश्रम. आणि खरे सांगायचे तर मोठ्या आश्रमातही इतक्या कोवळ्या जिवाचा निभाव लागत नाही. लस न झालेले पिल्लू शंभर जनावरांच्या श्वासात ठेवले तर ते तिथेच आजारी पडते. त्याला काही आठवडे एक घर हवे असते. शहरातली मुले याला फॉस्टर म्हणतात. आपल्याकडे शब्द नाही.”

“आहे,” मामा म्हणाले. “अमानत.”

तो शब्द त्यांनी इतक्या शांतपणे उच्चारला की मी दुधाची पिचकारी खाली ठेवली. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असते, आपण तिचे धनी नसतो, तिला ओरखडा उमटला तर जबाबदारी आपली, आणि मुदत संपली की ती ज्याची त्याला जशीच्या तशी परत करायची. अमानतीत खयानत करणाऱ्याला त्यांच्या कचेरीत चोराहून नीच समजत असत. “पण अमानत ठेवायला कोणी धनी लागतो,” ते लगेच म्हणाले. “या पिल्लांचा धनी कोण? ज्याला ती द्यायची तो तर अजून जन्माला आलेला नाही, निदान तुझ्या वहीत तरी नाही.”

“जो पुढे येणार आहे त्याची अमानत, असे नाही का म्हणता येणार?”

त्यांनी त्याला होकार दिला नाही. गांधींनी दिला नसता, असे मात्र ते म्हणाले. आणि सकाळच्या चहाबरोबर त्यांनी १९२६ सालचे ते प्रकरण काढले, ज्याचा उल्लेख आमच्या वर्तुळात सहसा कोणी करीत नाही. अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारात फिरणारी साठ कुत्री, ती पिसाळतील या भयाने, मारवली आणि मन अस्वस्थ होऊन ते गांधींकडे गेले, तेव्हा अहिंसेच्या त्या उपासकाने त्यांना दोष दिला नाही, दुसरे काय करता आले असते असेच म्हटले. पत्रांचा पाऊस पडला. गांधींनी ‘यंग इंडिया’त आणि ‘नवजीवन’मध्ये लेखामागून लेख लिहून आपली भूमिका मांडली.

“त्यांचे म्हणणे असे,” मामा सांगू लागले, “की मोकाट कुत्रे आकाशातून पडत नाही, ते समाजाच्या आळसाचे आणि अज्ञानाचे लक्षण आहे. वाटेवरच्या कुत्र्याला तुकडा टाकून पुढे जाणारा पुण्य जोडीत नाही, तो आपली जबाबदारी तुकड्याच्या मोलाने विकतो. पाळायचे तर नीट पाळा, नाही तर दयेचे नाव घेऊ नका. आता बोल.”

“मला त्यांचे पहिले अर्धे म्हणणे शिरसावंद्य आहे. तुकडा टाकणे ही दया नव्हे. म्हणूनच तर ही वही. पण गांधींच्या काळी नगरपालिकांच्या हाती कुत्र्यांची नसबंदी आणि सामूहिक लसीकरण हे मार्ग नव्हते. मारण्याचा मार्ग मात्र होता, आणि तो त्यांच्याही आधी शंभर वर्षे चालू होता. मुंबईत जून १८३२ मध्ये सरकारी माणसे कुत्री मारू लागली, तेव्हा पारशी समाजाने दोन दिवस शहर बंद पाडले. ज्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याची दृष्टी पडावी लागते त्यांना ते कसे सोसावे? त्यानंतरही मारणे चालूच राहिले, आणि कुत्री संपली का? २०१९ च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री १ कोटी ५३ लाख भरली. मारलेल्या कुत्र्याची जागा रिकामी राहत नाही, मामा. उकिरडा तोच असतो, त्यावर दुसऱ्या गल्लीचे लस नसलेले कुत्रे येते. लस टोचलेले, कानाला खाच दिलेले कुत्रे आपल्या जागी राहिले, तर ते नव्याला आत येऊ देत नाही.”

“हे पुस्तकातले झाले.”

“गोव्यातले आहे. तिथे २०१३ नंतर घरोघर, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस देत माणसे फिरली. दरवर्षी शंभरातल्या निदान सत्तर कुत्र्यांना लस पोहोचली की रोगाची साखळी तुटते, या हिशेबाने. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तुमच्या भावाला जे झाले, ते यापुढे कोणाला होऊ नये यासाठी गोव्याने हे केले. पोन्नकल गावात फेब्रुवारी २०२४ मध्ये तोंडे झाकून आलेल्या माणसांनी वीसेक कुत्री बंदुकीने मारली, ते आपल्याच तेलंगणात. तिथल्या एका तरी मुलाला त्यामुळे लस मिळाली का?”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मी पिल्लांचे दूध कालवू लागले. मग ते जे बोलले त्याची मला अपेक्षा नव्हती, कारण ते माझ्या बाजूचे होते आणि तरी त्यात दयेचा लवलेश नव्हता.

“महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर चालणारे कुत्रे सगळ्यांना पाठ आहे. आरंभीचे कोणी सांगत नाही. कुरुक्षेत्रात जनमेजयाचे सत्र चालू असता सरमा या कुत्रीचा मुलगा तिथे आला, आणि राजाच्या भावांनी त्याला मारून पिटाळले. सरमा स्वतः सभेत आली. तिने रडून दया मागितली नाही. तिने कैफियत दिली. माझ्या मुलाने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, मग कोणत्या अपराधाबद्दल त्याला मारले? सभेत कोणाला उत्तर देता आले नाही. म्हणून तिचा शाप लागू झाला, की तुझ्यावर न दिसणारे भय येईल. मी चाळीस वर्षे कचेरीत काढली, पोरी. अपराधाची नोंद नसता शिक्षेची तामील करणारा हुकूम माझ्या हातून गेला नाही. चावलेले कुत्रे, पिसाळलेले कुत्रे, त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे, त्यात मी तुझे काही ऐकणार नाही.”

“मीही तेच म्हणते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीची सगळी कुत्री निवाऱ्यांत कोंडायला सांगितले, आणि २२ तारखेला तीन न्यायमूर्तींनी तो हुकूम दुरुस्त केला : नसबंदी आणि लस करून जिथून उचलले तिथेच सोडा, पण पिसाळलेले किंवा हिंस्र कुत्रे सोडू नका. नोव्हेंबरात शाळा, इस्पितळे, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातली कुत्री परत तिथे सोडू नका, असेही सांगितले. आणि ज्याला दत्तक घ्यायचे असेल त्याने अर्ज करावा, पण घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येता कामा नये.”

“हा मुचलका झाला,” मामा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसले.

त्या दुपारी आम्ही चालत हमरस्त्याच्या कडेच्या मोरीपर्यंत गेलो. तिथे एक तांबूस कुत्री आहे. तिच्या आधीच्या खेपेची चार पिल्ले मी वाढवून घरांना दिली होती, त्यांतली दोन पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात सुखात आहेत, आणि त्यांची छायाचित्रे मी मामांना मोठ्या हौसेने दाखवली होती. कुत्री मोरीच्या तोंडाशी पडली होती. तिचे पोट पुन्हा जड झाले होते.

“तुझ्या वहीत हिची ओळ कोणती?” मामांनी विचारले.

हिची ओळ नव्हती. पिल्लांचे डोळे, पिल्लांची चाल, पिल्लांची छायाचित्रे, यांत घर शोधणाऱ्याचे मन गुंतते, आणि वाढवणाऱ्याचेही; आई मात्र हाताला लागत नाही, गुरगुरते, तिला पकडायला जाळे आणि दोन जाणती माणसे लागतात, शस्त्रक्रियेसाठी आठवड्याची सोय लागते, आणि तिला घर देणारा कोणी नसतो. सुमारे ६३ दिवसांचा तिचा गर्भकाळ. मी चार जीव वाचवले असे ज्या काळात मी मानीत होते, त्या काळात ती पुढच्यांची तयारी करीत होती. मामांनी मला ते बोलून दाखवले नाही. ते मोरीच्या कठड्याला टेकून तिच्याकडे पाहत राहिले, तिच्यापासून पुरते दहा हात अंतर राखून, आणि त्यांचा एक हात काठीवर घट्ट होता.

घरी आल्यावर त्यांनी कागद मागितला. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे ना, हे त्यांनी मला दोनदा विचारून घेतले, आणि त्यांच्या जुन्या सवयीप्रमाणे दरखास्तीचा मसुदा प्रथम मराठीत लिहायला घेतला. तेलुगू प्रत मागाहून करायची होती. विषयाच्या ओळीत त्यांनी ‘बेवारस’ हा शब्द लिहिला, आणि लेखणी तिथेच थांबली. बराच वेळ ती थांबलेलीच होती. खोक्यातले मधले पिल्लू ओरडू लागले म्हणून मी उठले. परत आले तेव्हा तो शब्द एका सरळ रेघेने खोडलेला होता, आणि त्याखाली पेशकारी वळणाच्या अक्षरांत लिहिले होते :

विषय : मौजे मावला येथील कुत्री.

“संख्या किती लिहू?” त्यांनी विचारले.

“आपल्या बाजूला अकरा असतील, मामा.”

“असतील, हे दरखास्तीत चालत नाही. सकाळी सहाला निघू. माझी काठी दाराशी ठेव.”